संवाद नसलेल्या विज्ञानकथेत आवाजाने कथा कशी सांगावी

आपल्या प्रश्नाचा आशय असा की, एका यंत्रमानवावरची सात-आठ मिनिटांची ॲनिमेशनपट्टी आपण करीत आहात, तिच्यात एकही संवाद नाही, आणि चित्रांचे काम संपल्यावर शेवटी आवाज भरून घेण्याचा आपला बेत आहे. एवढ्याने पात्राच्या भावना प्रेक्षकाला कळतील का? माझ्या मते कळणार नाहीत, आणि कळल्याच तर त्या पार्श्वसंगीताच्या आधाराने कळतील. संगीत थांबले की पात्र मुके होईल. बोलणाऱ्या पात्रांच्या पटकथेत संवाद जसे आधी लिहिले जातात, तसे न बोलणाऱ्या पात्राचे आवाज आधी ठरावे लागतात. हे कसे करता येते हे समजून घेण्यासाठी ओस पृथ्वीवर कचरा दाबत राहिलेल्या एका यंत्रमानवाची गोष्ट सांगणारा पिक्सारचा ‘वॉल-ई’ (2008) हा ॲनिमेशनपट पुन्हा एकदा, शक्य तर चांगले हेडफोन लावून, पाहावा असे सुचवतो.

दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी त्या चित्रपटाच्या पटकथेत यंत्रांच्या प्रत्येक ‘बीप’च्या जागी साधे, माणसाने बोलावे असे वाक्य लिहिले होते. पडद्यावर ते वाक्य कधीच ऐकू येत नाही, पण आवाज घडवणाऱ्याला आणि ॲनिमेटरला त्या क्षणी पात्राला नेमके काय म्हणायचे आहे हे माहीत असते. स्टँटन आणि त्यांचे सहकारी दीर्घ काळ दुपारच्या जेवणाच्या वेळी चॅप्लिन आणि कीटन यांचे मूकपट पाहत असत, हेही प्रसिद्ध आहे. आपणही आपल्या स्टोरीबोर्डमध्ये, म्हणजे दृश्यांच्या चित्रमय आराखड्यात, प्रत्येक आवाजाखाली असे वाक्य लिहावे. जिथे वाक्य सुचत नाही, तिथे बहुधा आवाजाचीच गरज नसते.

या चित्रपटाची ध्वनिरचना बेन बर्ट यांची आहे. 1977 सालच्या ‘स्टार वॉर्स’मधल्या आरटू-डीटू या यंत्रमानवाचा आवाज त्यांनीच घडवला होता. ‘वॉल-ई’साठी त्यांनी सुमारे 2,500 आवाज तयार केले असे सांगितले जाते; पण संख्येपेक्षा ते आवाज कुठून आणले हे अधिक शिकण्यासारखे आहे. वॉल-ई चालतो तेव्हाची घरघर ही लष्करी वापरातल्या, हाताने फिरवायच्या एका जुन्या जनित्राची आहे. दांडा जोरात फिरवला की तिची पट्टी चढते, हात मंदावला की उतरते. त्यामुळे तो घाईत आहे, दबकत पुढे सरकतो आहे की थकला आहे, हे चेहऱ्याकडे न पाहताही समजते. तो वेगाने पळतो तेव्हा 1930च्या दशकातल्या एका विमानाच्या स्टार्टरचा आवाज वापरला आहे. त्याच्या सोबती झुरळाच्या पायांची टकटक हातकड्या उघडून पुन्हा जोडताना मिळाली. धुळीच्या वादळासाठी बर्ट कॅनव्हासची पिशवी तोंडाशी धरून सभागृहात धावले, आणि कोसळणाऱ्या ट्रॉल्यांसाठी त्यांनी सुपरमार्केटच्या ट्रॉलीतच रेकॉर्डर ठेवून ती आपटली आणि उतारावरून सोडून दिली.

आता ईव्ह पाहा, म्हणजे वॉल-ईला भेटणारी नवी कोरी यंत्रमानव. तिच्यात दातेरी चाक नाही, साखळी नाही, गंज नाही. ती हवेत तरंगते. तिच्या उड्डाणाचा गुंजारव रेडिओ-नियंत्रित जेट विमानाच्या मोठ्या प्रतिकृतीपासून केलेला आहे, आणि तिच्या शस्त्राचा आवाज टांगलेल्या स्प्रिंगच्या खेळण्यावर टिंपनी या मोठ्या नगाऱ्याची काठी मारून. वॉल-ईचा आवाज घर्षणाचा आहे, तर ईव्हचा कंपनाचा. एक झिजलेल्या, माणसांनी टाकून दिलेल्या काळाचा. दुसरा अजून एक ओरखडाही न उठलेल्या काळाचा. ही दोघे पहिल्यांदा समोरासमोर येतात तेव्हा त्यांच्यातले अंतर किती आहे हे सांगायला कोणत्याही निवेदकाची गरज पडत नाही, आणि मला या चित्रपटाचे लेखन इथेच सर्वांत पक्के वाटते.

बोलण्याच्या आवाजांतही अशीच चढण आहे. वॉल-ईचा आवाज बर्ट यांचा स्वतःचा. त्यांनी तो संगणकावर सुटा करून पुन्हा जोडला, पण आतला माणूस ऐकू येत राहील एवढा शिल्लक ठेवला. ईव्हसाठी एलिसा नाइट यांचा आवाज अधिक गुळगुळीत, विद्युत्-संस्कारित केला. माणसांना घेऊन फिरणाऱ्या अवकाशजहाजाचा ताबा सोडायला तयार नसलेला ऑटो हा यांत्रिक चालक मात्र ॲपलच्या मॅकिनटॉक या, लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या संगणकीय यंत्रणेतून बोलतो. त्याच्या मागे कोणी नट नाही, श्वास नाही. कोणावर विश्वास ठेवायचा हे प्रेक्षकाला श्वासाच्या प्रमाणावरूनच समजते. आपल्या पट्टीत एकाहून अधिक यंत्रे असतील तर त्यांच्यात अशी उतरंड ठरवून घ्यावी.

आवाजाची जागा बदलून कथा पुढे नेण्याचे उदाहरण अगदी सुरुवातीलाच आहे. अवकाशाच्या दृश्यावर ‘हॅलो, डॉली!’ (1969) मधले उत्साही गाणे भरभरून वाजते, कॅमेरा कचऱ्याच्या डोंगरांवर उतरतो, आणि तेच गाणे आता कचरा दाबणाऱ्या एका लहान यंत्राच्या छातीवरच्या स्पीकरमधून किरटे होऊन येते. जे पार्श्वसंगीत वाटत होते ते त्या पात्राचे करमणुकीचे साधन निघते. पृथ्वी ओस आहे आणि हा एकटा आहे, या दोन्ही गोष्टी ध्वनीच्या या एका बदलात सांगून होतात. पुढे तो सौरऊर्जेवर चार्ज झाला की जुन्या मॅक संगणकाचा सुरू होतानाचा परिचित स्वर वाजतो, प्रेक्षक हसतो. चित्रपटाच्या शेवटाकडे, मोडलेला वॉल-ई दुरुस्त झाल्यावर हाच स्वर पुन्हा येतो आणि आपण सुटकेचा श्वास सोडतो, पण त्यानंतर केवळ यंत्राची घरघर ऐकू येते. बोलणे नाही, उद्गार नाही, तो एरवी चुकीचे उच्चारतो ते ईव्हचे नावही नाही. स्मृती गेल्याचे चित्रापेक्षा आधी आवाजच सांगतो. विनोदासाठी पेरलेला आवाज दुःखासाठी वापरायचा असेल, तर तो आधी पुरेसा ओळखीचा करावा लागतो, आणि म्हणूनच हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलता येत नाही.

अवकाशात आवाज नसतो, या आक्षेपाची धास्ती घेऊ नये. अग्निशामकाच्या फवाऱ्यावर वॉल-ई ईव्हबरोबर जहाजाबाहेर नाचतो तेव्हा निर्वाताचा नियम सरळ मोडला आहे आणि थॉमस न्यूमन यांचे संगीत सगळे व्यापून आहे. त्या क्षणी आपण ऐकतो ते त्या दोघांच्या आनंदाच्या बाजूने. नियम पाळला तरी चालेल, मोडला तरी चालेल, पण एकाच पट्टीत कारण नसताना दोन्ही करू नये.

जाता जाता एक गोष्ट. ऑस्करसाठी हा चित्रपट ध्वनिसंपादन, ध्वनिमिश्रण, संगीत आणि गीत अशा चारही विभागांत नामांकित होता, आणि त्यांपैकी तीन पुरस्कार मुंबईच्या पार्श्वभूमीवरच्या ‘स्लमडॉग मिल्यनेअर’कडे गेले, ध्वनिमिश्रणाच्या पुरस्कारात रसूल पुकुट्टी यांचा वाटा होता. सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचा पुरस्कार मात्र ‘वॉल-ई’ला मिळाला.

आपल्या कामापुरते सांगायचे तर आधी ॲनिमॅटिकवर, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रे वेळेनुसार जोडून केलेल्या कच्च्या चित्रफितीवर, स्वतःच्या तोंडाने कच्चे आवाज काढून ते जोडावेत आणि चित्रांचा वेळ त्यांच्यानुसार कमी-जास्त करावा. ध्वनिसंग्रहातून आयते आवाज घेण्यापूर्वी हाताने चालवायचे शिलाई यंत्र, दुकानाचे शटर, सायकलचे फ्रीव्हील, पाण्याचा पंप असे वेग बदलणारे स्रोत स्वतः ध्वनिमुद्रित करावेत. वेग हातात असला की भावनाही हातात राहते. ध्वनिमुद्रण 96 किलोहर्ट्झच्या नमुनादरावर (सँपल रेट) केल्यास आवाज संथ करताना तो कमी फाटतो. प्रत्येक जागेची रिकामी शांतताही मिनिटभर टिपून ठेवावी, नाहीतर जिथे सगळे थांबायला हवे तिथे ध्वनिपट्टी तुटल्यासारखी वाटेल. शेवटचे मिश्रण भ्रमणध्वनीच्या स्पीकरवर अवश्य ऐकावे, कारण आपले बहुतेक प्रेक्षक तिथेच पाहणार आहेत. त्या स्पीकरवर खर्जातला आवाज जवळपास नाहीसा होतो, म्हणून यंत्रमानवाचा स्वभाव ज्या घरघरीत ठेवला असेल तिच्यावर मध्यम पट्टीतला एखादा थर, निदान धातूची हलकी खडखड, चढवून ठेवावी.