सहल बिघडली, दोष कुणाचा?

सुट्ट्या संपल्या की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते. इतकी तयारी केली, इतका खर्च केला, आणि ऐनवेळी काहीतरी बिघडले. मग कुणालाच आनंद घेता आला नाही, उलट घरी आल्यावर वादच झाले. अशा वेळी मन प्रसन्न कसे ठेवावे, असे विचारणाऱ्याला बहुधा एखादी झटपट युक्ती हवी असते. तशी युक्ती माझ्यापाशी नाही. एका कुटुंबाचा अनुभव मात्र सांगण्यासारखा आहे, आणि त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून तो येथे देते.

डोंबिवलीत राहणारे हे पाच जणांचे कुटुंब आहे. पतिपत्नी दोघेही नोकरी करणारे, मुलगी दहावीत, मुलगा चौथीत आणि पंचाहत्तरी गाठलेले सासरे. सासऱ्यांना कुडाळजवळच्या मूळ गावी जाऊन कुलदेवतेचे दर्शन घ्यायचे होते, म्हणून 2024 च्या जुलैमध्ये तीन दिवसांची सहल ठरली. दर्शन झाले, भावकीत जेवणे झाली, मुलांनी पावसात भिजून घेतले. रविवारी, 14 जुलैला, ते परतीच्या गाडीत असताना खेडजवळ दिवाणखवटी परिसरात रुळांवर दरड कोसळली आणि कोकण रेल्वेची वाहतूक साधारण एक दिवस ठप्प झाली. त्यांची गाडी चिपळूणला थांबवण्यात आली. रात्र फलाटावर गेली आणि पुढचा प्रवास एसटीने करावा लागला.

पत्नी महिनाभराने माझ्याकडे आली, तेव्हा तिने दरडीचा उल्लेख जेमतेम एका वाक्यात केला. तिच्या मनात घर करून बसलेले वाक्य वेगळे होते: “मी ठरवलेले काहीच धड पार पडत नाही.” पावसाळ्यात कोकणात जायला नको होते, गाडीऐवजी बस घ्यायला हवी होती, एक दिवस आधी निघायला हवे होते, असा तिचा स्वतःशी रोज हिशेब चाले. पतीने नाताळच्या सुट्टीत महाबळेश्वरला जाण्याचा विषय काढला, तर ती म्हणाली, “तुम्हीच ठरवा, मला विचारू नका.” त्यावरून दोघांत अबोला सुरू झाला होता.

विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती 1955 च्या सुमारास मांडणाऱ्या अल्बर्ट एलिस यांनी म्हटले होते की, घटना आपल्याला जितकी अस्वस्थ करते त्याहून अधिक अस्वस्थ करतात त्या घटनेविषयीच्या आपल्या ताठर मागण्या. या बाईंची मागणी अशी होती की, मी आखलेल्या सहलीत प्रत्येक जण प्रत्येक क्षणी सुखी असला पाहिजे. अशी मागणी केली की दरड कोसळायचीही गरज उरत नाही. मुलाला जेवण आवडले नाही एवढे कारणही सहल फसायला पुरते. पहिल्या सत्रात आम्ही फक्त एवढेच वेगळे काढले की गैरसोय कोणती होती आणि तिच्यावर चढवलेला दोष कोणता होता. हे कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात तिला दोन्ही एकच वाटत होते आणि ते सुटे करायला तासाचा बराचसा वेळ गेला.

पुढच्या सत्राला मी सगळ्या कुटुंबाला बोलावले आणि त्या रात्रीचे प्रत्येकाला काय आठवते ते एकमेकांना न दाखवता लिहायला सांगितले. अशा प्रसंगी लहान मुले गंमतच सांगतात, अशी आपली समजूत असते, आणि धाकट्याने खरोखरच शेजारच्या कुटुंबातल्या मुलांबरोबर पत्ते खेळल्याचे लिहिले. मुलीने मात्र लिहिले की तिला पाळी आली होती, स्वच्छतागृह वापरण्यासारखे नव्हते, आणि आई चौकशीच्या खिडकीपाशी उभी असल्यामुळे तिने कुणालाच काही सांगितले नाही. सासऱ्यांनी लिहिले की माझ्या हट्टामुळे सगळ्यांचे हाल झाले. मधुमेहाच्या गोळ्या सामानाच्या तळाशी राहिल्या होत्या, त्या काढायला सांगून आणखी त्रास कशाला द्यायचा, म्हणून ते गप्प बसले होते. पतीला रजा त्याच तारखांची मिळाली होती, म्हणून तोही स्वतःलाच दोष देत होता आणि तो दोष लपवण्यासाठी पत्नीच्या नियोजनावर बोट ठेवत होता.

थोडक्यात, चौघे मोठे एकाच बाकावर बसून आपापल्या अपराधाचे ओझे एकेकट्याने वाहत होते, आणि ज्याला कसलाच अपराध वाटत नव्हता तो एकटाच त्या रात्री मजेत होता. माझ्या मते या कुटुंबाच्या प्रश्नाचे उत्तर येथेच होते. आनंद हिरावून घेतला तो दरडीने नव्हे, तर त्या मुक्याने वाहिलेल्या ओझ्याने. अर्थात मुलीचा आणि सासऱ्यांचा त्रास हा दृष्टिकोनाचा प्रश्न नव्हता, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सॅनिटरी पॅड, दोन दिवसांची औषधे आणि कोरडा खाऊ हाताशी असलेल्या पिशवीत ठेवणे हे कोणत्याही सकारात्मक विचाराहून अधिक कामाचे असते. संकटात सापडलेल्या माणसाला “जाऊ दे, मजा कर” असे सांगणे ही तर आणखी एक सक्तीच झाली.

एक गोष्ट मला या निमित्ताने त्यांना समजावून सांगावीशी वाटली. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना एकदा 14 अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात साठ सेकंद हात ठेवायला लावले, आणि दुसऱ्यांदा तितकाच वेळ ठेवून पुढची तीस सेकंदे पाणी हळूहळू एका अंशाने कोमट केले. एकूण त्रास दुसऱ्या वेळी अधिक होता, तरी पुन्हा करायचे झाल्यास बहुतेकांनी दुसराच प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट किंचित सुसह्य होता. आठवणीवर शेवटाचा असा जोर असतो. तीन चांगल्या दिवसांवर एका रात्रीने बोळा फिरवला, याचे हे एक कारण. त्यामुळे परतीच्या प्रवासात खूप काही कोंबण्याऐवजी शेवटचा दिवस मोकळा ठेवणे, आणि शेवट बिघडलाच तर घरी पोहोचल्यावर लगेच हिशेब मांडायला न बसणे, एवढे आपल्या हातात असते.

दुसरे कारण अधिक घरगुती होते. टेरेन्स मिचेल आणि ली थॉम्पसन यांनी सहकाऱ्यांसह 1997 मध्ये केलेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या तीन आठवड्यांच्या सायकल सहलीवर गेलेले लोक प्रवास चालू असताना निराश झाल्याचे सांगत, पण घरी परतल्यावर त्याच सहलीकडे अधिक आपुलकीने पाहत. आपल्याकडेही गैरसोयीचे किस्से वर्षानुवर्षे हसत सांगितले जातात. या घरात तसे घडले नाही, कारण त्या रात्रीचा विषय निघे तो फक्त भांडणात, पुरावा म्हणून. कागद वाचून झाल्यावर धाकट्याने पत्त्यांचा किस्सा सांगितला, तेव्हा तो घरातल्या इतरांना पहिल्यांदाच कळला.

नाताळची सहल झाली, आणि तीही ठरल्याप्रमाणे पार पडली नाही. वाईच्या पुढे पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग हलेना, अंधार पडला आणि पाचगणीतल्या खोलीपर्यंत कधी पोहोचू याचा अंदाज येईना. आम्ही सत्रात ठरवले होते की अशा वेळी आधी दहा मिनिटे प्रत्येकाने मोकळेपणाने कुरकुर करायची, कुणी कुणाची समजूत काढायची नाही, आणि मग प्रत्येकाने आपल्याला ज्याशिवाय चालणारच नाही अशी एकच गोष्ट सांगायची. सासऱ्यांना वेळेवर जेवण हवे होते, मुलीला स्वच्छ स्नानगृह, पतीला रात्रीच्या घाटात गाडी चालवायची नव्हती, आणि पत्नीला, तिच्याच शब्दांत, “यावेळी निर्णय माझ्यावर नको” होता. धाकट्याला घोड्यावर बसायचे होते. पाचपैकी चार गोष्टी वाईत मिळण्यासारख्या होत्या, म्हणून गाडी मागे वळली.

पाचगणीच्या खोलीचे आगाऊ पैसे बुडाले आणि त्यामुळे पती जेवणापर्यंत कुणाशी बोलला नाही. त्याला तसे राहू दिले गेले, हे मला त्या सहलीतले महत्त्वाचे काम वाटते, कारण पूर्वी त्याला बोलते करण्यासाठी पत्नीचा जीव वरखाली होत असे आणि त्यातून भांडण पेटे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन मेणवलीला गेले. कृष्णाकाठचा नाना फडणविसांचा वाडा, तेथला घाट, आणि चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेनंतर आणल्याचे सांगितले जाते ती पोर्तुगीज घंटा, यांवर सासरे इतके रमले की त्यांनी नातवाला वसईच्या किल्ल्याची सगळी हकिगत तेथेच पायऱ्यांवर बसून सांगितली. मुलगी घाटावर पाय सोडून बसली होती आणि आईकडे तिने स्वतःहून दहावीच्या अभ्यासाचा विषय काढला, जो घरी काढला की दार आपटले जाई.

हे सगळे आनंदाचे होते का, असे मी जानेवारीच्या सत्रात विचारले. पत्नी म्हणाली, बऱ्यापैकी. धाकट्याने ठामपणे नाही म्हटले, कारण घोडा मिळाला नव्हता. त्याला कुणी दटावले नाही. मे महिन्याच्या सहलीचे आरक्षण परीक्षा संपताच मुलगी करणार आहे आणि तिने सुचवलेल्या तारखा आजोबांना पसंत नाहीत, त्यामुळे पुढच्या सत्राला त्या दोघांनीच यायचे ठरले आहे.