आधी सेटिंग, मग सॉफ्टवेअर

प्रश्न : मुलाने मेकॅनिकल डिप्लोमा केला. सहा महिन्यांपासून तो मिल-टर्न मशीनवर सेटरच्या, म्हणजे मशीन कामासाठी जुळवून देणाऱ्याच्या, हाताखाली आहे. "आज दिवसभर जॉ बोअर केले," असं घरी येऊन सांगतो. हात काळे करायला का त्याला शिकवलं? मशीन तर सगळं आपोआप करतं. त्याचे वर्गमित्र ऑफिसात बसतात. नोकरी सोडायला लावून त्याला प्रोग्रॅमिंगच्या कोर्सला घालू का?

उत्तर : तुमच्या पत्रात वर्गमित्र आले, पण मुलाला काय हवंय याची एक ओळही नाही. मला काळजी वाटली ती याची. 'हात काळे' हे त्याच्यासमोर बोलला असाल, तर ते शब्द रोज त्याच्यासोबत कामावर जात असतील. यापुढे बोलू नका. दिवसभर काय केलं हे तो आपणहून घरी सांगतो, म्हणजे त्याला त्या कामात गोडी आहे.

आता 'आपोआप'बद्दल. टर्निंग (भाग फिरवून कापणं) आणि मिलिंग (टूल फिरवून कापणं) एकाच मशीनवर झालं की जॉब, म्हणजे घडवायचा भाग, पुन्हा पुन्हा पकडावा लागत नाही आणि दर पकडीला येणारी चूक टळते. पण मग सगळा भार त्या एका सेटिंगवर येतो. जॉब चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, धरतात ते मऊ जबडे म्हणजे सॉफ्ट जॉ. ते बोअर करताना, म्हणजे जॉबच्या मापाला आतून कापताना, त्यांच्यात रिंग धरावी लागते, तीही जॉब ज्या दाबाने धरायचा त्याच दाबाने. पातळ जॉब जास्त आवळला, तर चकमध्ये त्याचं बोअर (आतलं भोक) गोल निघतं आणि जॉ उघडताच तिकोनी होतं. गोलाई तपासायचा डायल त्यात फिरवला की काटा तीनदा हलतो. जॉब सब-स्पिंडलवर, म्हणजे समोरच्या दुसऱ्या फिरत्या पकडीवर, देताना दोन्ही स्पिंडलचा कोन जुळला नाही, तर एका बाजूची भोकं दुसऱ्या बाजूच्या खाचेशी जुळत नाहीत. संगणकावरचं सिम्युलेशन टूलची धडक आधीच दाखवतं, हे खरं. पण ड्रिल होल्डरबाहेर किती काढलंय, हे त्याला कुणीतरी मोजून सांगावं लागतं. तो 'कुणीतरी' म्हणजे तुमचा मुलगा.

प्रोग्रॅमिंग त्याने जरूर शिकावं, पण नोकरी सांभाळून. ज्याने स्वतः सेटिंग केलंय, त्याच्या प्रोग्रॅममध्ये टूल कुठे अडेल याचा विचार आधीच झालेला असतो. पदवीही पुढे करता येईल. सध्या त्याने एक वही ठेवावी : प्रत्येक जॉबचा चक-दाब, टूलची बाहेरची लांबी, ऑफसेट (मशीनला भरून दिलेली टूलची मापं) आणि पहिल्या पीसमध्ये काय चुकलं. आणि कोऱ्या मशीनपासून पहिल्या पास पीसपर्यंतचं एक अख्खं सेटिंग त्याने सेटरकडून मागून घ्यावं.

आज तो घरी आला की कोर्सचा विषय काढू नका. जॉ का बोअर करावे लागतात ते विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत ऐका.