आदिवासी समाजांत मृत्यू आणि रान राखणं यांचा खरंच संबंध असतो का?

तुम्ही विचारलंय की हा संबंध खरा, की पर्यावरणवाल्यांनी मागाहून जोडलेला. आणि गोव्यात तो दिसतो का. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. मी त्यांच्यातला नाही. पण गावाची राय, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, सगळ्यांची असते.

आमच्याकडे गेलेला माणूस फार लांब जात नाही. गावाचा मूळपुरुष सीमेच्या आतच राहतो, कधी राखणदार म्हणून. त्याला रोट, म्हणजे जाड भाकर, देतात, गाऱ्हाणं घालतात. केरीतल्या रायीचं नावच आजोबाची राय. बांबरच्या निरंकाराच्या रायीत पाणथळ जागी रानटी जायफळाची झाडं आहेत, गुडघ्यासारखी मुळं चिखलातून वर काढून उभी. तिथं कुऱ्हाड चालत नाही. पर्यावरण हा शब्द कानावर नसलेल्या माणसांनी ती राखली.

माझे आजोबा गेले तेव्हा ऐन आषाढ होता. सुकं लाकूड मिळेना. मसणवटीपासून हाकेच्या अंतरावर राय, आणि तिच्या कडेला वाऱ्यानं पडलेला भला मोठा ओंडका. मी शहरात शिकणारा, म्हटलं हाच घेऊया, झाड तर आपोआप पडलंय. कोणी रागावलं नाही. एक म्हातारे गावकर एवढंच म्हणाले, "बाबा, तें तांचें." म्हणजे ते त्यांचं, गेलेल्यांचं. मग भाटातला, म्हणजे बागायतीतला, आंबा तोडला, ओला, आणि चिता पेटायला अर्धा दिवस लागला.

हे सगळीकडे टिकलेलं नाही. आमच्या तालुक्यात वाघाला देव मानतात, तरी जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. गुरं मारल्याच्या रागातून विष घातल्याचं तपासात पुढे आलं. ज्याची दुभती गाय जाते, त्याच्यापाशी नुसती श्रद्धा पुरत नाही. भरपाई वेळेवर पोचायला हवी. श्रद्धेचा सगळा भार गरिबानं वाहायचा, हे मला पटत नाही.

तो ओंडका तिथंच कुजला. वाळवीनं खाल्ला. आता त्या जागी कमरेएवढी रोयण, म्हणजे वारूळ, आहे, आणि रोयण म्हणजे आमची सातेरी देवी. जाता-येता बायका तिला फुलं वाहतात.