वाचकांचे प्रश्न : आकाशातून आलेला दगड ओळखावा कसा?

प्रश्न : आमचे शेत लोणारपासून फार लांब नाही. नांगरटीत मुठीएवढा काळा, जड दगड निघाला. त्याला चुंबक चिकटतो आणि त्याच्या अंगावर बारीक छिद्रे आहेत. लोणारचे विवर उल्कापातामुळे झाले, तर हा त्याच उल्केचा तुकडा असू शकेल का?
– एक वाचक, बुलढाणा जिल्हा

उत्तर : आपला तर्क स्वाभाविक असला तरी आपण दिलेल्या खुणाच त्याच्या विरोधात जातात. प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. आकाशात जळताना दिसते ती उल्का आणि जमिनीपर्यंत पोहोचतो तो अशनी. संस्कृतात ‘अशनि’ म्हणजे इंद्राचे वज्र, त्यामुळे हा शब्द फार नेमका बसला आहे. अशनीच्या अंगावर बुडबुड्यांसारखी छिद्रे जवळजवळ कधीच नसतात. अशी छिद्रे असतात ती लाव्हारस थिजताना त्यात अडकलेल्या वायूची, आणि आपला सारा परिसर तर लाव्हारसाच्या थरांवरच वसलेला आहे. चुंबकाचे म्हणाल, तर आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे खनिज असतेच, त्यामुळे चुंबक त्यालाही थोडाफार दाद देतो. जुन्या लोहारभट्टीतली मळीही अशीच जड, काळी आणि सच्छिद्र असते. तपासणीसाठी येणाऱ्या दगडांत तिचा भरणा मोठा असतो.

राहिला प्रश्न लोणारचा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर, खडकांतील आर्गॉन वायूच्या मोजणीनुसार, साधारण ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते (जुन्या पुस्तकांतून पन्नास हजार वर्षे हा आकडा अजून फिरतो). एवढे विवर पाडणाऱ्या वस्तूचा वेग इतका असतो की आघाताच्या क्षणी ती स्वतः वितळून जाते आणि तिची वाफ होते. लोणारला अशनीचा तुकडा हाती लागलेला नाही. विवर आघाताचेच आहे हे ठरले ते तिथल्या बेसाल्टमुळे, कारण त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाचे आघाताच्या दाबाने मॅस्केलिनाइट नावाच्या काचेत रूपांतर झालेले आहे. पाहुणा गेला, त्याने केलेली मोडतोड मागे राहिली आणि पुरावा म्हणून तीच तपासली गेली. म्हणून लोणारच्या रस्त्यावर कोणी ‘उल्केचा तुकडा’ विकू लागला, तर नमस्कार करून पुढे जावे.

तरीही शंका फिटत नसेल, तर दगड फोडू नका. टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर तो ओढून पाहा. तांबूस रेघ उमटली तर हेमाटाइट, ठसठशीत काळी उमटली तर मॅग्नेटाइट समजावे. अशनीची रेघ सहसा उमटतच नाही. ताज्या अशनीवर कागदासारखी पातळ काळी खपली असते, आणि पुष्कळदा ओल्या कणकेत अंगठे दाबावेत तसे उथळ खळगे असतात. कोपरा आधीच तुटलेला असेल तर आत राखाडी दगडात धातूचे चमकते कण दिसतात का, ते भिंगातून पाहावे. हल्ली मिळणारा जोरदार निओडिमियम चुंबक मात्र लावू नये, होकायंत्राची सुई हलते का एवढेच पाहावे. अशनीत त्याच्या जन्मकाळच्या चुंबकीय क्षेत्राची पुसट नोंद असू शकते आणि असा चुंबक ती क्षणात पुसून टाकतो.

प्रश्न : अशनींचे प्रकार किती, आणि अमुक दगड मंगळावरचा किंवा अमुक लघुग्रहावरचा हे शास्त्रज्ञ कशाच्या बळावर सांगतात?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : ढोबळ प्रकार तीन आहेत : पाषाण, लोह आणि पाषाण-लोह. पडताना पाहिलेल्या शंभर अशनींपैकी नव्वदांहून अधिक पाषाण असतात. संग्रहालयांत लोह अशनी जास्त डोळ्यांत भरतात, याचे कारण ते टिकतात आणि शेतातल्या इतर दगडांपेक्षा चटकन वेगळे वाटतात, एवढेच. मात्र उत्पत्तीच्या दृष्टीने खरी विभागणी निराळी आहे : मूळ पिंड कधी पूर्ण वितळला होता की नाही?

जो वितळला नाही, त्याचे तुकडे म्हणजे काँड्राइट. त्यांत खसखशीच्या दाण्याएवढे गोल कण असतात, त्यांना काँड्रूल म्हणतात. ग्रह घडण्यापूर्वी सूर्याभोवती फिरणाऱ्या धुळीचे वितळलेले थेंब थिजून हे कण झाले. मेक्सिकोत १९६९ साली पडलेल्या आयेंदे अशनीतील कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियमयुक्त पांढुरके ठिपके तर सुमारे ४५६ कोटी वर्षांचे आहेत, आणि सूर्यमालेचे वय सांगताना अशाच ठिपक्यांचा आधार घेतला जातो.

आपल्या नागपूर जिल्ह्यात काटोल येथे २२ मे २०१२ रोजी दुपारी तुकड्यांचा वर्षाव झाला, तोही काँड्राइटचाच. त्याची वर्गवारी ‘एल ६’ अशी आहे : ‘एल’ म्हणजे लोहाचे प्रमाण कमी, आणि ६ म्हणजे मूळ पिंडात तो इतका शेकला गेला की काँड्रूलांच्या कडा पुसट झाल्या. याच काटोलच्या अशनीत आघाताने वितळलेल्या बारीक शिरांमध्ये ब्रिजमनाइट हे खनिज सापडले. ते संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरच्या खाली हे खनिज विपुल आहे, पण तिथून ते हाती लागणे अशक्य, कारण वर येता येता त्याचे रूप बदलते. अवकाशातल्या एका टकरीने ते घडवले आणि विदर्भाच्या उन्हात आणून टाकले, याचे मला अजूनही नवल वाटते.

पिंड पुरेसा मोठा असेल तर तो आतून वितळतो, जड लोह-निकेल गाभ्यात उतरते आणि हलका खडक वर राहतो. गाभ्याचे तुकडे ते लोह अशनी. कापून, घासून, सौम्य आम्ल लावले की त्यांच्यापैकी बहुतेकांवर एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची जाळी उमटते. ती धातू लाखो वर्षे अतिशय संथ गतीने निवल्याची खूण असल्याने कोणत्याही भट्टीत तिची नक्कल होत नाही. वरच्या खडकाचे तुकडे ते अकाँड्राइट. गुजरातेत दियोदर तालुक्यात १७ ऑगस्ट २०२२ रोजी पडलेला अशनी या गटातला, ऑब्राइट या दुर्मिळ जातीचा आहे.

आता मंगळाचे. बिहारमधील शेरघाटी येथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी सुमारे पाच किलोचा दगड पडला आणि त्याच्यावरून ‘शेरगोटाइट’ ही जातच ओळखली जाऊ लागली. त्याचे वय फक्त सतरा-अठरा कोटी वर्षांच्या आसपास निघाले. लघुग्रह तर अब्जावधी वर्षांपूर्वीच थंड झाले होते, म्हणजे हा लाव्हारस कुठल्यातरी मोठ्या ग्रहावरचा असला पाहिजे. पुढे अंटार्क्टिकातल्या एका शेरगोटाइटमधील काचेत अडकलेला वायू तपासला, तेव्हा त्याचे घटक व्हायकिंग यानांनी १९७६ साली मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळले. मग फारसा वाद उरला नाही.

प्रश्न : मला संग्रह सुरू करायचा आहे. काय घ्यावे आणि कसे जपावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पत्ता नसलेला तुकडा घेऊ नका. प्रत्येक मान्य अशनीला पडल्या वा सापडल्या ठिकाणावरून नाव मिळते (वाळवंटांतल्या दाट सापडीच्या भागांत नावापुढे क्रमांक येतो) आणि त्याची नोंद आंतरराष्ट्रीय यादीत होते. विक्रेत्याचे नाव-वजन त्या यादीशी जुळते का, हे स्वतः पाहावे. आरंभी एखाद्या साध्या काँड्राइटची लहान चकती घ्यावी. लोह अशनी देखणे असले तरी कोकणातल्या पावसाळ्यात ते डोळ्यांदेखत गंजतात. हवाबंद डबीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, पुड्या वेळेवर बदलाव्यात आणि तुकडा उघड्या बोटांनी हाताळू नये. चिठ्ठी डबीत ठेवण्याबरोबर वहीतही नोंद असावी, कारण चिठ्ठ्या हरवतात.

आपल्या देशात नुकताच पडलेला दगड हाती आला तर गोष्ट वेगळी. अशा अशनींची अधिकृत राखण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेकडे आहे, तेव्हा प्रशासनामार्फत तिला कळवावे. तोवर दगड धुऊ नये, त्याला हळदकुंकू लावू नये, स्वच्छ ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ठेवावा आणि पडल्याची वेळ, जागा, खड्ड्याची खोली लगेच लिहून काढावी. तो हाताला भाजेल ही भीती नको. वातावरणातून जाताना फक्त वरचा पातळ थर वितळतो आणि शेवटचे काही किलोमीटर तो थंड हवेतून नुसता खाली पडत असतो.