नोकरी सोडून चियांग माईला?

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची आहे. पुण्यात एका कंपनीत यूआय डिझायनर (ॲप-वेबसाइटचे स्क्रीन आखण्याचं काम) म्हणून सव्वा वर्ष झालं. आठवड्यातून दोन दिवस ऑफिस, बाकी घरून काम. बाहेरचे दोन क्लायंटही आहेत. आता म्हणते, नोकरी सोडते आणि थायलंडमध्ये चियांग माईला राहून लॅपटॉपवर काम करते. खर्च पुण्याएवढाच येतो. तिच्यासोबत एक मैत्रीण निघाली आहे. तिला टेलिग्रामवर बँकॉकच्या 'डिजिटल मार्केटिंग'च्या नोकरीची ऑफर आली आहे, तिकीट आणि राहणं फुकट. मुलीचे बाबा या विषयावर बोलतच नाहीत. ही नोकरी म्हणायची की भटकंती? आम्ही अडवावं का? – एक आई, सातारा

ताई, सप्रेम नमस्कार.

लेकीबद्दल सविस्तर लिहितेच, पण आधी तिच्या मैत्रिणीबद्दल, कारण तिथे वेळ घालवून चालणार नाही. अगदी अशाच ऑफरवर बँकॉकला उतरलेल्या शेकडो भारतीय मुलांना विमानतळावरून गाडीत घालून सीमेवरच्या माए सोट गावी नेलं गेलं, तिथून नदीपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीत पोचवलं गेलं आणि कुंपणाआड डांबून ऑनलाइन फसवणुकीची कामं करायला लावली गेली. परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून याबद्दल सावध करतंय. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त भारतीयांना माए सोटहून परत आणलं. 'आत्ता टुरिस्ट म्हणून या, वर्क परमिट इथे आल्यावर करू' असं एजंट म्हणाला की तिथेच फोन ठेवायचा. भरती करणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं.

तुमच्या लेकीचं म्हणणं वेगळं आहे. तिला तिथे नोकरी शोधायची नाही, इथलं काम तिथे बसून करायचंय. त्यासाठी थायलंडने जुलै २०२४ मध्ये 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा' सुरू केला; सगळे त्याला डीटीव्ही म्हणतात. व्हिसा ५ वर्षांचा, एका खेपेला १८० दिवस राहता येतं. वय किमान २० लागतं. थायलंडबाहेरच्या कंपनीतल्या नोकरीचा किंवा स्वतःच्या फ्रीलान्स कामाचा पुरावा लागतो आणि खात्यात ५ लाख बाथ, म्हणजे आपले १३ लाखांहून जास्त रुपये दाखवावे लागतात. थाई कंपनीची नोकरी या व्हिसावर करता येत नाही. बालीचं नाव मुलं फार घेतात, पण इंडोनेशियाच्या अशा व्हिसासाठी वर्षाला ६० हजार डॉलरची कमाई दाखवावी लागते. मलेशियाची अट आयटीतल्यांना २४ हजार डॉलरची. सव्वा वर्षाच्या पगारात दोन्ही बसत नाहीत, म्हणून गाडी चियांग माईवर येते.

आता गंमत बघा. ती नोकरी सोडून निघाली तर अर्जातला सगळ्यात भक्कम कागद, कंपनीचं पत्र, तिच्याच हाताने जातो. उरतात दोन क्लायंट आणि बँकेचं स्टेटमेंट. ते १३ लाख तिचे स्वतःचे असतील की तुम्ही एफडी मोडून देणार, हे तुम्ही लिहिलं नाही. मोडू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

तुम्ही विचारलंय, नोकरी की भटकंती. ताई, तिचं करिअर डिझाइनचं आहे. ती कुठे बसून काम करते हा त्यानंतरचा प्रश्न. आणि डिझाइनमध्ये सव्वा वर्ष म्हणजे हात नुकता बसायला लागलेला असतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी दोन वर्षांपासून वर्षातले सहा-सात महिने चियांग माईत राहते. जाण्याआधी तिने साडेतीन वर्षं पुण्यातल्या ऑफिसात काढली होती. ती सांगते, एका संध्याकाळी क्लायंट फोनवर तापला होता, आठवडाभराचं काम 'हे आमचं नाहीच' म्हणून फेकून देत होता. शेजारच्या खुर्चीवर तिची सिनिअर शांतपणे ऐकत राहिली. मग तिने एवढंच विचारलं, 'तुमचा ग्राहक हे पान कुठे उघडतो, दुकानात की घरी?' पुढच्या दहा मिनिटांत निम्मं काम वाचलं. तो प्रश्न माझ्या विद्यार्थिनीने वहीत लिहून ठेवला आणि आजही वापरते. शेजारच्या खुर्चीवरून हे जे कानावर पडतं, ते व्हिडिओ कॉलवर पडत नाही, कारण कॉल ठरलेल्या विषयासाठी लागतो आणि संपतो. तुमच्या लेकीला सिनिअरच्या शेजारी अजून दीड-दोन वर्षं मिळायला हवीत. आठवड्याचे दोन दिवस ऑफिसला बोलावतात, तर तिने तीन दिवस जावं. माझं खरं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं तपशिलाचं.

पण तपशीलही महत्त्वाचे आहेत. चियांग माईचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. पुण्याची दहाची मीटिंग तिथे साडेअकराला, हे सुखाचं. तिचे बाहेरचे क्लायंट अमेरिकेतले असतील तर न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे तिथे रात्रीचे आठ, हिवाळ्यात नऊ. कॅफेतल्या लॅपटॉपचे फोटो दुपारचे असतात, काम मात्र रात्री चालतं.

दुसरं, धूर. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल आसपासच्या डोंगरांत जंगल आणि शेतातली धाटं पेटतात. शहर खोलगट भागात असल्यामुळे धूर हलत नाही. त्या दिवसांत जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत चियांग माई कितीदा पहिलं येतं. माझ्या विद्यार्थिनीने मार्चमध्ये मला व्हिडिओ कॉलवर एअर प्युरिफायरचा फिल्टर काढून दाखवला. महिन्यापूर्वी पांढरा असलेला कागद तव्याच्या बुडासारखा झाला होता. खिडकीतून एरवी समोर दिसणारा दोई सुथेप डोंगर दिसतच नव्हता. बरेच नोमॅड, म्हणजे लॅपटॉपवर काम करत देशोदेशी राहणारे, या दिवसांत दक्षिणेकडच्या बेटांवर जातात, म्हणजे दोन भाडी. 'खर्च पुण्याएवढाच' हा हिशोब तिने बारा महिन्यांचा मांडलाय का, ते विचारा. निम्मान भागात बऱ्यापैकी स्टुडिओ खोलीला साधारण १० ते १५ हजार बाथ पडतात. त्यात विमा, विमानाची तिकिटं आणि प्युरिफायर धरलेला नसतो.

स्कूटर तिथे सहज भाड्याने मिळते. इथून निघतानाच आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यायचा आणि त्यावर दुचाकीचा शिक्का आहे ना ते बघायचं. परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि रुग्णालयाचं बिल घरच्यांवर येतं.

कराचं थोडक्यात सांगते. कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलं की थायलंडच्या लेखी ती तिथली करदाती होते, आणि २०२४ पासून बाहेर कमावून तिथे आणलेल्या पैशावरही कर लागू शकतो. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिलपासून, तिथलं जानेवारीपासून. दोन्हीकडचे दिवस वेगवेगळे मोजायचे आणि जाण्याआधी एकदा सीएकडे बसायचं. कंपनीची परवानगीही लेखी हवी, मॅनेजरचं तोंडी 'चालेल गं' पुरत नाही. परदेशातून लॉगिन केल्यामुळे अडचणीत आलेली मुलं मी पाहिली आहेत.

तुमची लेक शाकाहारी असेल तर एक गोष्ट मला आवडीने सांगायची आहे. तिथे जवळपास सगळ्यात फिश सॉस असतो, पण पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं, आपल्याला इंग्रजी १७ सारखी दिसणारी, म्हणजे 'जे' जेवण. त्यात मांस, मासे, अंडी काही नाही, कांदा-लसूणही नाही. उपाशी राहणार नाही पोर.

अडवावं का? नाही. अडवलेली मुलगी चोरून तिकीट काढते. तिला सांगा, नोकरी न सोडता येत्या मार्चमध्ये दोन आठवडे रजा टाकून फिरायला जा. लॅपटॉप घरी ठेव. ऐन धुरात ते शहर बघ. तिथे राहणाऱ्या मुलींना भेट, खोल्या बघ, भाडी विचार. त्यानंतरही मन तिथेच असेल तर दोन वर्षांचा आराखडा आपण तिघी मिळून करू: ऑफिसात काय शिकायचं, गाठीला किती जमवायचं, कंपनीकडे रिमोट कामाचं कधी काढायचं. भारताचं वाणिज्य दूतावास कार्यालय चियांग माईतच आहे, हेही बाबांना सांगा. ते गप्प आहेत म्हणजे रागावलेच आहेत असं धरू नका. त्यांना एकदा नुसतं विचारा, नक्की कशाची धास्ती वाटते. बहुतेक वेळा उत्तर 'आजारी पडली तर?' एवढंच असतं, आणि त्याला चांगल्या विम्याचं ठोस उत्तर देता येतं.

लेकीशी बोलणं रविवारी निवांत करा. मैत्रिणीच्या घरी मात्र हे वाचून झाल्याबरोबर फोन लावा.