तळं निळं, म्हणून पाणी शुद्ध?

प्रश्न : माझा भाचा जर्मनीत उल्मला शिकतो. जवळच ब्लाउबॉयरेन गावात ‘ब्लाउटॉप्फ’ नावाचं तळं आहे, त्याचा फोटो त्यानं पाठवला. पाणी अगदी मोरपंखी निळं! खालून झरा आहे म्हणे. मग आपल्या पन्हाळ्याकडच्या झऱ्यांचं पाणी असं निळं का दिसत नाही? आणि इतकं नितळ पाणी थेट प्यायला चालत असेल ना?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : ताई, भाचा थापा मारत नाही. पाणी उजेडातला तांबडा भाग शोषून घेतं. तांब्याभर पाण्यात ते कळत नाही, पण हे तळं एकवीसेक मीटर खोल आहे. त्यात चुन्याचे अतिसूक्ष्म कण निळा उजेड विखुरतात. मोठा पाऊस झाला की हेच पाणी गढूळ होतं. भाच्याला सांगा, झडीनंतरचाही एक फोटो पाठव.

तिकडचा डोंगर चुनखडकाचा. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि खडक विरघळवत जातं. भेगांची भुयारं होतात. अशा मुलखाला कार्स्ट म्हणतात. ब्लाउटॉप्फमागे अशीच गुहा आहे, पाणबुडे त्यातून आत गेलेत. आपला काळा कातळ असा विरघळत नाही. पन्हाळा, मसाई पठारावर वर जांभा आहे. त्यात मुरलेलं पाणी खालच्या चिकण थराला अडतं आणि पठाराच्या कडेला झिरपतं. ओंजळीएवढ्या डबक्याला निळाई कुठून येणार? आपल्याकडची बरीचशी झिरपणी मार्चनंतर आटतातही. भुयारं बघायचीच असतील तर आंध्रातलं बेलम गाठा, जर्मनीला जायला नको.

आता पिण्याचं. इथं मात्र मी ठाम ‘नाही’ म्हणेन. त्याच भागात डॅन्यूब नदीचं पाणी इम्मेन्डिंगेनजवळ पात्रातच गडप होतं. ते जातं कुठं, यावरून गिरणीवाल्यांची भांडणं लागली होती. 1877 मध्ये तिथं दहा किलो रंग, वीस टन मीठ आणि वर वासाचं तेलही ओतलं. साठेक तासांनी बारा किलोमीटरवरच्या आख झऱ्यातून हिरवंगार, खारट पाणी आलं! म्हणजे तासाला दोनशे मीटर. ते मातीतून गाळून येत नाही, मोरीच्या नळातून यावं तसं येतं. वर शेतात शेण पडलं, तर दोन-चार दिवसांत खाली हजर.

जांभ्यालाही मोठ्या भेगा असतात. म्हणून झरा दिसला की आधी वरच्या अंगाला चढून बघा : गुरं कुठं बसतात, हॉटेलाचा शोषखड्डा कुठं आहे. तसलं काही दिसलं नाही, तरी घरी आणून उकळा. चांगली खळखळ उकळी येऊ द्या, नुसतं कोमट करू नका.