ड्रायव्हर, कंडक्टर आणि मागच्या खुर्चीतला नातू

मागच्या अंकात नौदलाच्या इल्युशिन-३८ या टेहळणी विमानावरच्या माझ्या दिवसांबद्दल लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. गंमत म्हणजे विमानाबद्दल विचारणारे थोडे, 'तुम्ही पायलट नव्हता तर विमानात करत काय होता?' असं विचारणारेच जास्त. तीन पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : माझा नातू अमेरिकेतच जन्मला, तिथल्या नौदलात अधिकारी झाला. फ्लोरिडात पेन्साकोला इथे त्याचं ट्रेनिंग चालू आहे. नातू पायलट होणार म्हणून आम्ही अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. परवा फोनवर कळलं की तो पायलट नाही, 'नेव्हल फ्लाइट ऑफिसर' होणार आहे. त्याला लहानपणापासून चष्मा आहे. चष्म्यामुळे डावललं का? आणि मग विमानात त्याचं काम काय? – एक आजी, वय ७८, सांगली

काकू, वाटलेल्या पेढ्यांचं वाईट वाटून घेऊ नका. झालंच तर अजून किलोभर वाटा.

माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी हाच प्रश्न विचारला होता. मी ऐटीत सांगितलं, "मी नौदलात ऑब्झर्व्हर आहे, विमानात असतो, पण चालवत नाही." त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे कंडक्टर का?" तेव्हा मला राग आला होता. पुढे वीस वर्षं उडल्यावर कळलं की बाईंचं फारसं चुकलं नव्हतं. एसटीत चाक ड्रायव्हरच्या हातात असतं, पण डबल बेल पडल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. फक्त आमचा कंडक्टर तिकिटं फाडत नाही. रडार पाहतो, शत्रू कुठे आहे ते हुडकतो, कुठे वळायचं ते सांगतो आणि हत्यार सोडायची वेळ आली तर ते कधी, कुणावर, हेही बऱ्याचदा तोच ठरवतो. अमेरिकी नौदलात या माणसाला नेव्हल फ्लाइट ऑफिसर म्हणतात, बोलताना एनएफओ. दोघांच्याही छातीवर सोनेरी पंखच लागतात. पायलटच्या पंखांत एक नांगर असतो, एनएफओच्या पंखांत दोन, एकमेकांवर तिरपे. म्हणजे नातवाचा एक नांगर जास्तच!

चष्म्याचं म्हणाल तर पायलटसाठी डोळ्यांचे नियम जास्त कडक आहेत. एनएफओला चष्मा लावून पूर्ण दिसत असेल तर चालतं, रंग मात्र नीट ओळखता आले पाहिजेत. कित्येक मुलं चष्म्यामुळे या वाटेला येतात, तर कित्येक चांगली नजर असूनही ही वाट मागून घेतात. तुमच्या नातवाचं कुठलं, ते त्यालाच विचारा. पण 'डावललं' हा शब्द त्याच्यासमोर काढू नका.

आता त्याचे दिवस कसे जाताहेत ते सांगतो. सुरुवातीला पायलट आणि एनएफओ होणारी मुलं पेन्साकोलाला एकाच वर्गात बसतात. हवा, इंजिन, हवामान, दिशाशोधन, सगळं एकत्र. पोहण्याच्या परीक्षाही एकत्रच. त्यात एक प्रकार असा की हेलिकॉप्टरसारख्या सांगाड्यात पट्ट्यांनी बांधून बसवतात, सांगाडा पाण्यात सोडतात आणि उलटा करतात. पट्टा सोडवून, हाताने चाचपत खिडकी शोधून बाहेर यायचं. मग पुन्हा तेच, डोळे झाकून. त्या आठवड्यात त्याचा फोन आला नाही तर काळजी करू नका, दमून झोपला असेल.

मग टेक्सन टी-६ नावाचं दोन जणांचं, पंख्याचं विमान. त्यात थोडंफार विमान हाताळायलाही शिकवतात, पण खरा भर रेडिओवर बोलणं, वाट काढणं आणि घड्याळाच्या काट्यावर ठरल्या जागी पोचणं, यावर. इथून पुढे फाटा फुटतो. लढाऊ विमानांकडे जाणारी मुलं पेन्साकोलालाच गोशॉक या जेटच्या मागच्या सीटवर बसतात. मोठ्या विमानांकडे जाणाऱ्यांचा बराच वेळ सिम्युलेटरमध्ये जातो, कारण तिथे एकट्याने नव्हे, अख्ख्या चमूबरोबर काम करायला शिकायचं असतं. शेवटी पंख मिळतात. पंख मिळाले की आणखी सहा वर्षं नौदलात काढावी लागतात. पायलटला आठ.

कुठलं विमान मिळणार? आपल्या इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडसारखं समजा. पसंतीक्रम भरायचा, गुण बघितले जातात, आणि त्या आठवड्यात नौदलाला कुठे माणसं हवी आहेत त्यावर शेवटचा शिक्का बसतो. पहिला नंबर असूनही दुसरं विमान पदरात पडलेली मुलं असतात.

सुपर हॉर्नेटचं दोन सीटचं लढाऊ विमान मिळालं तर तळ व्हर्जिनियात ओशियाना किंवा कॅलिफोर्नियात लेमूर. ग्राउलर, म्हणजे शत्रूचं रडार आंधळं करणारं विमान मिळालं तर वॉशिंग्टन राज्यातलं व्हिडबी बेट. सगळ्यांत विचित्र म्हणजे ई-६बी. हे विमान समुद्राखाली दडलेल्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांना संदेश पोचवतं. त्यासाठी मैलोन्‌मैल लांबीची तार हवेत सोडून गोल गोल उडतं. नौदलाचं असूनही त्याचा मुख्य तळ ओक्लाहोमात आहे. तिथून समुद्र म्हणजे लांबचा प्रवास!

मला विचाराल तर त्याला ई-२ हॉकाय मिळावं. पाठीवर २४ फुटांची तबकडी घेऊन विमानवाहू जहाजावरून उडणारं विमान. पाच माणसं, त्यातले दोनच पायलट. उरलेले तीन एनएफओ मागे अंधाऱ्या बोळात पडद्यासमोर बसून आकाशात कोण कुठे आहे ते बघतात आणि लढाऊ विमानांना 'तिकडे जा' म्हणून सांगतात. सगळा खेळ त्या बोळातून चालतो.

आणि पी-८ मिळालं तर आपलं नातं जुळलं. पाणबुड्या शोधणारं हे विमान बोइंग ७३७ वरून केलेलं. त्याचाच भारतीय भाऊ पी-८आय आपल्या नौदलाकडे २०१३ पासून आहे. तमिळनाडूत अरक्कोणमला आहे आणि २०२२ पासून इथे गोव्यात दाबोळीवरही. आपल्याचं एक वैशिष्ट्य सांगतो. शेपटीला मागे लांब दांडी असते, पाण्याखालच्या लोखंडामुळे चुंबकीय क्षेत्रात झालेला बारीकसा बदल ती पकडते. अमेरिकेने आपल्या पी-८ ला ही दांडी ठेवली नाही, आपण मागून घेतली. नातवाला हे जरूर सांगा, थोडा जळेल.

एक शेवटचं. अमेरिकेत विमानवाहू जहाजाचं कॅप्टनपद पायलट किंवा एनएफओ यांनाच मिळतं, असा कायदाच आहे. सोसायटीत कुणी विचारलं तर एवढं सांगा.

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनीअर. नौदलाच्या पायलट एन्ट्रीसाठी एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीत, निवडलो गेलो, पण पायलट ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये नापास झालो. ती आयुष्यात एकदाच देता येते. आता उडण्याचं स्वप्न संपलं का? – एक वाचक, लातूर

नाही. तुझ्यासाठी दार उघडं आहे, फक्त त्यावरची पाटी वेगळी आहे. पूर्वी 'ऑब्झर्व्हर' म्हणायचे, आता जाहिरातीत 'नेव्हल एअर ऑपरेशन्स ऑफिसर' असं लिहितात. शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठराविक वर्षांच्या नोकरीच्या एन्ट्रीला इंजिनीअरिंगची कुठलीही शाखा चालते, गुण ६० टक्के हवेत. तू ज्यात अडकलास ती टेस्ट इथे लागत नाही. उड्डाणाची वैद्यकीय तपासणी मात्र चुकत नाही. वयाची अट जाहिरातीत नीट बघ, एक-दोन महिन्यांनी हुकलेली मुलं मी पाहिली आहेत.

निवड झाली की आधी केरळात एळीमलाची अकादमी, मग कोचीला आयएनएस गरुड या तळावरचं ऑब्झर्व्हर स्कूल. नंतर डॉर्नियर हे टेहळणी विमान, पी-८आय किंवा हेलिकॉप्टरं. एमएच-६० रोमिओ ही नवी हेलिकॉप्टरं २०२४ मध्ये कोचीलाच दाखल झाली.

एसएसबीत मात्र 'पायलट जमलं नाही म्हणून आलो' असं म्हणालास तर तिथेच संपलं. आणि ते खरंही नसावं. पायलटला विमान उडवायला आवडतं, ऑब्झर्व्हरला कोडं सोडवायला आवडतं. पाणबुडी दिसत नाही. छोट्या छत्र्या लावून पाण्यात सोनोबॉय सोडायचे, ते पाण्याखाली कान देतात. एक म्हणतो आवाज इकडून, दुसरा म्हणतो तिकडून. दोन रेषा कागदावर ओढायच्या, छेदतील तिथे बोट ठेवायचं. तोवर पाणबुडी तिथून निघालेली असते! आमच्या वेळी पेन्सिल दोऱ्याने टेबलाला बांधलेली असायची, नाहीतर विमान कलंडलं की ती घरंगळत जाऊन कुणाच्या तरी बुटाखाली सापडायची. आता पडदे आहेत, पण डोकं तेच लागतं.

बहिणींनाही सांग. सप्टेंबर २०२० मध्ये कुमुदिनी त्यागी आणि रिती सिंग या दोघी युद्धनौकेवरच्या हेलिकॉप्टरांसाठी निवडल्या गेलेल्या पहिल्या महिला अधिकारी ठरल्या. दोघीही ऑब्झर्व्हर. ३ ऑगस्ट २०२२ ला पोरबंदरहून फक्त महिलांचा चमू डॉर्नियर घेऊन समुद्रावर टेहळणीला गेला, तेव्हा विमानाच्या कॅप्टन आंचल शर्मा, पायलट शिवांगी आणि अपूर्वा गिते यांची नावं आधी आली. पूजा पांडा आणि पूजा शेखावत या मागच्या दोघींची शेवटी. आमची नावं नेहमी शेवटीच येतात, त्याची सवय करून घे.

प्रश्न : विमानात मागे बसून खाली मान घालून काम करताना मळमळत नाही का? आम्हाला एसटीत घाट लागला तरी होतं. – एक वाचक, महाबळेश्वर

होतं ना! पायलटला बाहेर दिसतं आणि पुढचं वळण त्यालाच माहीत असतं, म्हणून त्याला कमी होतं. आमची मान टेबलात. पोट एक सांगतं, डोळे दुसरंच.

शिकत असताना कोचीला आयलंडर नावाचं छोटं विमान होतं, दोन इंजिनांचं, खडखडणारं, पेट्रोलच्या वासाचं. पहिल्याच उड्डाणात खाली खाडी, वर दुपारची गरम हवा, आणि सकाळी मेसमध्ये मी चार इडल्या खाल्लेल्या. अर्ध्या तासात सगळ्या पिशवीत. इन्स्ट्रक्टरने मागे वळूनही पाहिलं नाही. फक्त हेडफोनमध्ये आवाज आला, "पुढचा कोर्स?" म्हणजे आता किती अंशांच्या दिशेला जायचं.

मी एका हातात पिशवी धरून दुसऱ्याने पट्टी लावली आणि म्हणालो, "दोनशे दहा, सर."

"दोनशे बारा," ते म्हणाले. "पिशवीला गाठ मार."